वाघमारे, मला वास येत होता

परवा शाळेत तुझी शोकसभा झाली. हेडमास्तरांनी सगळ्यांच्या आधी माझं नाव घेतलं. म्हणाले, बिराजदार सर हे वाघमारे सरांचे जिवलग मित्र, त्यांनीच सुरुवात करावी. मी उठलो. टेबलावर तुझा फोटो होता, सेवापुस्तकातून काढून मोठा केलेला. मी दहाएक मिनिटं बोललो. तुझं गणित शिकवणं, तुझा वेळेचा काटेकोरपणा, तुझं चिंचेच्या झाडाखाली बसून वह्या तपासणं. मग म्हणालो की आम्ही एका गाडीवर आलो-गेलो, एका डब्यात जेवलो. तिथं मी पुढचं वाक्य सोडून खाली बसलो. शेजारच्या बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. म्हणाल्या, असा मित्र मिळायला भाग्य लागतं, सर.

त्या भाषणात मी खोटं काही बोललो नाही. पण गेली दोन वर्षं आपण एका गाडीवर येत नव्हतो आणि एका डब्यात जेवतही नव्हतो, एवढं मात्र सांगितलं नाही. ते का, हे तर तुलाही कधी सांगितलं नाही. तू विचारलंस, दोनदा विचारलंस. दोन्ही वेळा मी खोटं बोललो. आता तू नाहीस तेव्हा बसून लिहितो आहे. याला धाडस म्हणत नाहीत, हे मला कळतं.

तू बदलून आमच्या शाळेत आलास तेव्हा माझी तिथली चार वर्षं झाली होती. शिरूर अनंतपाळ तालुक्यातलं ते गाव, आठवीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा, आणि आपण दोघंही लातूरला राहणारे. पहिल्याच आठवड्यात तू म्हणालास, दोन गाड्या कशाला फिरवायच्या, माझ्या गाडीवर चला. मी तुझ्या मागे बसू लागलो. जायला तास, यायला तास. वर्गात, ऑफिसात आपण एकमेकांना सर म्हणायचो, तुम्ही म्हणायचो. गाव मागे पडलं, दोन्ही बाजूंनी तुरीची रानं सुरू झाली की तू मान किंचित मागे वळवायचास आणि म्हणायचास, "हं, बोल बिराजदार." तिथून लातूरच्या पहिल्या सिग्नलपर्यंत आपण अरे-तुरे. तुझी सगळी गोष्ट मी तुझ्या पाठीमागे बसून ऐकली आहे. लोह्याजवळचं तुझं गाव, गावात सगळ्यांत आधी मॅट्रिक झालेले तुझे वडील, नांदेडला खोली करून केलेलं डी.एड., आणि हिमायतनगरकडच्या खेड्यातली तुझी पहिली नेमणूक. तिथं शाळेत तुझा पाण्याचा ग्लास खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा. कुणी काही बोलायचं नाही. फक्त ग्लास खिडकीत असायचा. तू दोन वर्षं त्याच ग्लासानं पाणी प्यायलास आणि बदली झाली त्या दिवशी तो सोबत घेऊन आलास, हे सांगताना तू हसला होतास. मी मागे बसून हसलो नव्हतो. मला वाटलं होतं, या माणसाला आपल्याकडून असं काही कधी भोगावं लागणार नाही.

मधल्या सुट्टीत आपण चिंचेखाली बसायचो. शोभा वहिनींच्या हातची ज्वारीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा खर्डा तुझ्या डब्यात, माझ्या डब्यात शेंगदाण्याची चटणी नाहीतर धपाटे. तुझी भाकरी मी मोडायचो, माझे धपाटे तू संपवायचास. माझ्या बायकोला कळलं की धपाटे तुला आवडतात, तेव्हा ती दोन जास्त द्यायला लागली. असं सहा-सात वर्षं चाललं. तेवढं तरी खरं होतं, वाघमारे. तेवढं माझ्याकडून कुणी काढून घेऊ नये.

कधी सुरू झालं ते नक्की सांगता येत नाही. कोरोना संपून शाळा पुन्हा नेहमीसारख्या भरायला लागल्या, त्याच्या वर्षभरानंतर असेल. एक दिवस गाडीवर तू मान वळवून काहीतरी बोललास आणि मला वास आला. पहिल्यांदा वाटलं, रस्त्याचा असेल, साखर कारखान्याच्या मळीचा. दुसऱ्या दिवशीही आला. मग रोज. कांदा-लसणाचा नव्हता, तंबाखूचा नव्हता. तू तंबाखू कधी खाल्ली नाहीस. आतून कुठून तरी, नासल्यासारखा. मी श्वास धरून ठेवायचो आणि तुझं वाक्य संपलं की सोडायचो. घरात पडलेला मास्क पुन्हा काढला. तू विचारलंस तर म्हणालो, धुळीनं खोकला येतो.

हे दोन शब्दांचं काम होतं. तोंडाला वास येतो, दाखवून घे. भावाला सांगितलं असतं, मेहुण्याला तर हसत सांगितलं असतं. तुला नाही सांगितलं. तेव्हा मी मनाची समजूत घातली की हा माझा सभ्यपणा आहे. म्हटलं, तुझ्यासारख्या माणसाला, ज्याच्या घराण्यानं पिढ्यान् पिढ्या नाकं मुरडलेली पाहिली, त्याला मी कोणत्या तोंडानं सांगू की तुझा वास येतो. तो शब्दच नको वाटला. तुला लागेल, तू दुसराच अर्थ काढशील. म्हणून गप्प बसलो.

पण आता खरं सांगायला बसलोच आहे तर हेही सांगतो. आपले हेडमास्तर दिवसभर तंबाखू मळतात. त्यांचे दात तू पाहिले आहेस. दर महिन्याच्या बैठकीत मी त्यांच्या खुर्चीला खुर्ची लावून बसतो, ते कानाशी येऊन बोलतात आणि मी मान हलवतो. त्यांच्यासाठी मला कधी मास्क लागला नाही. मग तुझ्या वेळीच माझं नाक इतकं हळवं का झालं? त्यात तुझी जात कुठं होती का? मी हा प्रश्न स्वतःला बरेच दिवस विचारतो आहे. उत्तर नाही असं येईल या आशेनं विचारतो, आणि ते तसं ठामपणे येत नाही. तुझ्या तोंडाचा वास खराच जास्त होता, ही गोष्ट खरी. पण तेवढीच खरी आहे का, ते मला माहीत नाही. हे न माहीत असणं हीच माझी लाज आहे.

मग मी गाडी बदलली. बायकोला शिवणवर्गाला सोडायचं असतं, आता माझी गाडी मी घेऊन येतो, असं तुला सांगितलं. बायकोचा शिवणवर्ग दोन महिन्यांत बंद पडला, माझी गाडी सुरूच राहिली. त्यानंतर डबा. मी म्हणालो, पित्ताचा त्रास वाढलाय, घरूनच खाऊन येतो. तू काही दिवस चिंचेखाली एकटाच बसलास. मग तिथं बसायचं सोडलंस आणि वर्गातच डबा उघडायला लागलास. शिक्षकांच्या खोलीत माझी खुर्ची तुझ्या खुर्चीला लागून होती. उन्हाळ्यात पंखा नीट लागत नाही या सबबीखाली ती मी पलीकडच्या भिंतीला नेली. तू ती नेताना पाहिलंस. मला मदत करायला उठलासही. एका बाजूनं तू धरलीस, एका बाजूनं मी.

आणखी एक. इंग्रजीचा तो नवा मास्तर एकदा तू नसताना म्हणाला की वाघमारे सर उदाहरण समजावून सांगायला लागले की पहिल्या बाकावरची पोरं आपोआप मागे सरकतात. सगळे हसले. मीही हसलो. कमी हसलो असेन, पण हसलो.

त्याच सुमारास तू सोमवारची तपासणी सोडलीस. दर सोमवारी परिपाठानंतर पोरांना रांगेत उभं करून तू नखं आणि दात बघायचास. कुणाच्या हिरड्यांतून रक्त येत असेल तर त्याच्या आईला निरोप धाडायचास. एका मुलीच्या जिभेचा पांढरेपणा बघून तू तिच्या बापाला घेऊन दवाखान्यात गेला होतास आणि तिच्या अंगात रक्तच नाही हे तिथं निघालं होतं. ते काम तू एक दिवस बाईंकडे देऊन टाकलंस. म्हणालास, डोळ्याला नीट दिसत नाही. दिसत नव्हतं हे खरं असेल, तेही नंतर कळलेल्या त्या आजारानंच. पण मला तेव्हा कळलं होतं की तुझे स्वतःचे दात हलायला लागलेत. बोलताना तू तोंडावर हात धरायला लागला होतास.

मला आणखीही बरंच दिसत होतं. पाण्याची दोन लिटरची बाटली मधल्या सुट्टीच्या आत संपायची. तास सोडून तू मागच्या बाजूला जायचास, पुन्हा अर्ध्या तासानं जायचास. पट्ट्याला तू खिळ्यानं नवीन भोक पाडलं होतंस. पायाला खडा लागून झालेली जखम दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत भरली नाही. हे सगळं दिसत होतं आणि मी ते वेगवेगळं बघत होतो. पाणी वेगळं, पाय वेगळा, तोंड वेगळं. एका माणसात हे सगळं एकत्र चाललंय, हे ध्यानात यायला जवळ बसावं लागतं. मी तर भिंतीला बसलो होतो.

एके दिवशी शाळा सुटल्यावर तू मला गाडीजवळ गाठलंस. मी किल्ली लावत होतो. तू चार पावलं लांबच उभा राहिलास. मला आठवतं, तू अंतर मोजून उभा राहिल्यासारखा होतास.

"बिराजदार सर, एक विचारू का? राग मानू नका."

मैदानात दुसरं कुणी नव्हतं. तरी तू सर म्हणालास, तुम्ही म्हणालास. मी म्हणालो, विचारा की.

"तुमच्या घरी कुणी काही बोललं का? माझ्या डब्यावरून?"

तू काय विचारतोयस ते मला त्याच क्षणी समजलं. तुझ्या डोळ्यांसमोर काय होतं तेही समजलं. खरं बोलायची एवढी सोपी वेळ पुन्हा येणार नव्हती. मी म्हणू शकलो असतो की नाही रे, घरात कुणी काही बोललं नाही, तुझ्या तोंडाला वास येतो आणि मला तो सहन होत नाही, उद्या दोघं मिळून डॉक्टरकडे जाऊ. तुला लागलं असतं. आठ दिवस बोलला नसतास. पण तू गेला असतास.

मी म्हणालो, "छे हो, तसलं काही नाही. पित्त वाढलंय. डॉक्टरनं पथ्य सांगितलंय."

"हाव," तू म्हणालास. "पथ्य पाळायलाच पाहिजे."

आणि गाडी सुरू करून गेलास. त्या दिवसापासून तू रस्त्यातही भेटलास तरी मला सर म्हणालास.

पुढचं मला वहिनींकडून आणि त्या दातांच्या डॉक्टरकडून कळलं. तुझ्या सुजाताचा साखरपुडा ठरला होता. तुझा वरचा पुढचा एक दात पडला होता, दुसरा लोंबत होता. मुलीच्या फोटोत बाप असा बोळका कसा दिसायचा, म्हणून कवळी नाहीतर एखादा दात बसवून घ्यायला तू वहिनींना घेऊन गेलास. डॉक्टर तरुण मुलगी, लातूरलाच छोटा दवाखाना. तिनं आरसा आत घातला, बोटानं हिरडी दाबली, पू आला. तिनं दाताबद्दल अवाक्षर काढलं नाही. पाणी किती पिता, रात्री किती वेळा उठता, जखम लवकर भरते का, हे विचारलं. मग म्हणाली, "काका, हिरड्या अशा एकट्या खराब होत नाहीत. आत काहीतरी चालू आहे. दात नंतर बघू, आधी रक्त तपासा."

साखर साडेचारशे निघाली. पुढच्या तपासण्यांत किडन्यांचं कळलं. साखर तुझ्या अंगात कित्येक वर्षांपासून असावी, असं मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं. दीड-दोन वर्षं आधी आले असते तर किडनी कदाचित वाचली असती, असं ते वहिनींना म्हणाले. त्या 'कदाचित'ला मी फार दिवस धरून बसलो होतो. कदाचित म्हणजे खात्री नाही, खात्री नाही म्हणजे माझा दोष नाही. असा हिशेब तुझ्या वर्गातल्या पाचवीच्या पोरानं मांडला असता तर तू त्याला फळ्यापाशी उभं केलं असतंस.

आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. शाळेतले सगळे पहिल्या आठवड्यात येऊन गेले. इंग्रजीचा मास्तर तर दोनदा आला, फळं घेऊन. मी तीन आठवड्यांनी आलो. तू मशीनला जोडलेला होतास, डोळे मिटलेले. मी पायाशी उभा राहिलो. वहिनींनी स्टूल तुझ्या उशाशी सरकवलं आणि त्या चहाला म्हणून बाहेर गेल्या. मी बसलो. तू डोळे उघडलेस. बराच वेळ आपण पावसाबद्दल, बदल्यांबद्दल बोललो. मग तू भिंतीकडे बघत म्हणालास,

"दाताच्या डॉक्टरीण म्हणायल्या, तोंडाला वास यायला लागला तवाच दाखवायला पाहिजे होतं. आपला वास आपल्याला कळत न्हाई ना." माझ्याकडे वळलास. "बिराजदार, तुला आला होता का रे?"

तुला. रे. दोन वर्षांनी.

वाघमारे, तेव्हा मला वाटलं की तू मला पकडतो आहेस. मला माहीत असूनही मी गप्प राहिलो, असं तू म्हणशील, असं वाटलं. समोर ते मशीन फिरत होतं, नळीतून तुझं रक्त जात होतं, आणि मी स्वतःला वाचवलं.

"नाही रे," मी म्हणालो. "मला कधीच आला नाही."

 मग "बरं" म्हणालास आणि तोंड पलीकडे केलंस. वहिनी चहा घेऊन आल्या. तू झोपल्यासारखा पडून राहिलास.

रुग्णालयाच्या जिन्यावरून उतरताना मला समजलं मी काय केलं ते. तू मला पकडत नव्हतास. तू मला सोडवत होतास. दोन वर्षं तुझ्या मनात एक कारण घर करून बसलं होतं आणि डॉक्टरच्या बोलण्यानं तुला दुसरं कारण सापडलं होतं. डबा बंद झाला, गाडी बंद झाली, खुर्ची हलली, ते कदाचित वासामुळं असेल. तेवढंच असेल. तसं असावं असं तुला वाटत होतं. मी हो म्हणालो असतो तर तुला बरं वाटलं असतं. आजारी माणसाला त्याच्याच तोंडाच्या वासानं बरं वाटलं असतं, इतकं सोपं होतं ते. मी नाही म्हणालो. मग दुसरं काय उरलं? तेच, खिडकीतल्या ग्लासाचं.

मी जिन्यावरून परत वर गेलो नाही. पुढच्या वेळी सांगू म्हटलं. पुढच्या दोन्ही वेळी खोलीत कुणी ना कुणी होतं. साखरपुड्याला तू आलास. फोटोत तोंड मिटून उभा राहिलास, मी टाळ्या वाजवल्या. नंतर एका गुरुवारी डायलिसिस चालू असतानाच तुझं हृदय थांबलं.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी पांढरा शर्ट घालून मागच्या रांगेत बसलो होतो. भंतेजींच्या मागून सगळे म्हणत होते, मीही म्हणत होतो. चौथ्या शीलाशी आलो, खोटं न बोलण्याच्या, आणि माझे ओठ थांबले. शेजारच्या माणसाला वाटलं असेल, याला शब्द येत नाहीत.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी त्या दातांच्या डॉक्टरकडे गेलो. वाघमारे सरांचा मित्र आहे, एवढं सांगितलं. तिला तू नीट आठवत होतास. मी विचारलं की नुसत्या तोंडावरून तुम्हाला कसं कळलं. ती म्हणाली, तोंड काही अंगापासून वेगळं टांगलेलं नसतं. साखर वाढली की हिरड्यांची जखम भरत नाही, आणि हिरड्या सडत राहिल्या की साखर आटोक्यात येत नाही. दोघी एकमेकींना वाढवतात. रक्त कमी असलं तर जिभेवर दिसतं, औषधांचा, तंबाखूचा, काळजीचा सगळा हिशोब तोंडात दिसतो. ती हे रोजचं सांगावं तसं सांगत होती. मग म्हणाली, आलाच आहात तर बसा खुर्चीवर. तिनं आरसा घातला आणि पहिल्याच मिनिटात सांगितलं की काका, तुमच्याही हिरड्या सुजल्यात, आणि तोंडाला वासही येतोय, रक्त तपासून घ्या.

मला राग आला नाही. अपमान वाटला नाही. काहीच झालं नाही, वाघमारे. परक्या मुलीनं एका मिनिटात जे सांगितलं ते मला दोन वर्षांत जमलं नव्हतं, आणि ते ऐकून माणूस मरत नाही हे मी त्या खुर्चीत पडल्या पडल्या शिकलो. माझं रक्त ठीक निघालं.

त्या दिवशी दवाखान्यातून मी सरळ तुझ्या घरी गेलो होतो. वहिनी एकट्याच होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. गाडी, डबा, खुर्ची, तू विचारलेलं, मी दिलेली उत्तरं, हेडमास्तरांशेजारी बसतो तेही. काही वगळलं नाही.  माझं संपल्यावर त्या बराच वेळ पदराचा काठ सरळ करत बसल्या.

"मी सांगितलं होतं त्यांना," त्या म्हणाल्या. "पहिल्याच साली. तोंड दाखवा म्हणून. चिडले माझ्यावर. म्हणले, तुलाच काय ते वास येतो. बिराजदार रोज गाडीवर माझ्या मागं बसतो, एका डब्यात जेवतो, तो बोलला असता की."

मी खाली बसलो.

हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं की मी नुसता गप्प होतो. माझ्या गप्प बसण्याचा तू पुरावा केला होतास. घरचं माणूस खरं सांगत होतं आणि माझ्या भरवशावर तू ते खोटं ठरवलंस. मी इतका जवळचा होतो तुला. तुझ्या शोकसभेत मी जे मित्रपण मिरवलं ते खोटं नव्हतं, उलट ते खरं होतं म्हणूनच तुझा घात झाला.

वहिनींनी मला माफ केलं नाही, आणि बाहेरही काढलं नाही. जरा वेळानं म्हणाल्या की तुम्ही त्यांना जातीवरून लांब केलं न्हाई, हे ऐकून बरं वाटायला पाहिजे मला. पण हे ऐकायला ज्यांनी बसायला पाहिजे होतं ते न्हाईत. मी म्हणालो, वहिनी, ते अजिबातच नव्हतं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाल्या, हे आत्ता बोललात ते खरं वाटलं.

तुझ्याशी भांडायचं राहिलंय माझं. तू दोनदा विचारलंस ते इतक्या सौम्यपणे का विचारलंस? कॉलर धरून विचारायला हवं होतंस. पण हेही मी तुझ्यावरच ढकलतो आहे, नाही का. तू तुझ्या पद्धतीनं दार दोनदा उघडलंस. दोन्ही वेळा मी बाहेर उभा राहिलो. आणि तरी तुझी मला आठवण येते ती त्या जिन्याची, त्या मशीनची येत नाही. तुरीच्या रानांमधून जाताना माझ्याकडे किंचित वळलेल्या तुझ्या मानेची येते, उन्हानं काळी पडलेली, कॉलरला घामाची रेघ. त्या गाडीवर मला जेवढं शिकायला मिळालं तेवढं मी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. त्याबद्दल तुझे आभार कधी मानले नाहीत, तेही राहिलं.

निघताना वहिनी दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "सुजाताला सांगा हे. मी न्हाई सांगणार. तिच्या मनातही तेच हाय, जे त्यांच्या मनात होतं. तिला जे बोलायचंय ते ती तुम्हालाच बोलू दे."

सुजाता नांदेडला तहसीलमध्ये नोकरीला लागली आहे, तुला माहीतच आहे. रविवारी दुपारच्या बसनं ती येते. मी तिला फोन केला की आणायला मी येतो. ती म्हणाली, "कशाला काका, मी येते रिक्षानं." तिच्या आवाजात एक अंतर होतं. आधी ते मला का ऐकू आलं नाही, कळत नाही. मी म्हणालो, नाही, मला बोलायचंय तुझ्याशी, बाबांबद्दल. तिनं बरं म्हटलं.

ती काय म्हणेल ते मला ठाऊक नाही. ती बोलली नाही, उठून गेली, तरी तिचं बरोबरच असेल. मी फक्त एवढं ठरवलं आहे की ती बसमधून उतरली की तिची बॅग हातात घेण्याआधी सांगायचं. तिनं विचारायची वाट बघायची नाही.